मोहाची फुलं वेचणं वेगळं, मोहाची बी गोळा करणं वेगळं

होळी जवळ आली की आपल्याकडे हा वाद ठरलेला. धुळे-जळगावकडची मंडळी म्हणतात सातपुड्यात दारूसाठी मोह ओरबाडतात म्हणून झाडं कमी झाली, आणि वर डोंगरातल्या धडगाव-मोलगीकडचे म्हणतात अहो फूल आपोआप खाली पडतं, त्यानं झाडाचं काय बिघडतं? मला विचाराल तर फुलाच्या बाबतीत डोंगरावरचेच बरोबर आहेत. घोळ असा होतो की फूल आणि बी दोन्ही एकाच झाडाचं, दोन्ही बाजारात विकलं जातं, म्हणून सगळ्याला सरसकट "मोह गोळा करणं" म्हणून मोकळे होतात.

आधी फूल बघू. फाल्गुन-चैत्रात पानं गळाली की फांद्यांच्या टोकाला फुलांचे घोस येतात, रात्री वटवाघळं येतात, परागीभवन होतं आणि पहाटे पहाटे फुलं टपटप खाली पडतात. आता यातली खरी भारी गोष्ट अशी की खाली पडतो तो फक्त पाकळ्यांचा गोड गरगरीत भाग आणि त्याला चिकटलेले पुंकेसर, ज्याचं पुढे फळ होणार तो बीजकोश वर फांदीलाच राहतो. म्हणजे टोपलीभर फुलं वेचली तरी त्या झाडाचं एकही फळ तुम्ही कमी केलेलं नसतं. नशा देणाऱ्या रानातल्या वनस्पतींमध्ये ही सोय फार कमी ठिकाणी मिळते, टेक्सास-मेक्सिकोकडचं पेयोट नावाचं निवडुंग घ्या, तिथं झाडच कापावं लागतं, वरचा भाग नीट कापून मूळ जमिनीत ठेवलं तर परत फुटतं, मुळासकट उपटलं तर विषय संपला. आणि मोहाच्या ताज्या फुलात नशा नसतेच, असते ती साखर, ती आंबल्यावर पुढचं सगळं. म्हणून तर फुलं वाळवून भाकरीत, लाडवात घालून खातात.

फुलाच्या सीझनमध्ये नुकसान होतं ते वेगळ्याच कारणानं. फुलं पटकन दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देतात, त्यात मागच्या पावसात उगवलेली बारकी रोपं जळतात आणि वारा असला तर आग पार वरच्या टेकडीपर्यंत जाते. पाला झाडून बाजूला केला किंवा झाडाखाली जाळी, जुन्या साड्या बांधल्या तर काम तेच होतं, वर फुलाला माती लागत नाही, रेटही बरा मिळतो.

आता बी. फळं पिकतात पावसाच्या तोंडावर, आत तपकिरी चकचकीत बिया, त्यांचं तेल काढतात, खायला, दिव्याला, साबणाला. इथं मात्र तुम्ही झाडाची पुढची पिढीच उचलत असता भाऊ, आणि मोहाची बी ज्वारी-बाजरीसारखी पुढच्या वर्षीसाठी ठेवता येत नाही, काही आठवड्यांतच तिची उगवण्याची ताकद जाते. तिला पडल्या पडल्या ओली माती लागते. झाडाखालची एकूण एक बी वेचून नेली तर त्या वर्षी तिथं रोप येणारच नाही, आणि आलंच तर त्याला फुलं लागायला आठ-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. त्यात काही जण फळं काठीनं झोडपतात, मग फांद्यांचे शेंडे मोडतात, आणि फुलं तर शेंड्यालाच येतात ना! म्हणजे बियांच्या घाईत पुढच्या फुलांचंही नुकसान.

कायद्याचा गोंधळही असाच. २०२१ साली राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करण्यावरची आणि वाहतुकीवरची बंधनं काढली, पण विनापरवाना दारू गाळणं आजही गुन्हाच आहे. आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंवर, तिथं राहणाऱ्यांचा हक्क मान्य आहे, त्यात फूलही आलं, बीही आली, त्यामुळे झाडाखाली बी किती राहू द्यायची हे गावानंच बसून ठरवायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

माझं म्हणणं इतकंच की फुलं मनसोक्त वेचा, बी वेचताना प्रत्येक झाडाखाली थोडी तशीच राहू द्या, आणि बांधावर मोह लावायचा असेल तर ताजी बी पहिल्या पावसातच टोचा आणि लगेच काट्यांचं कुंपण करा, नाहीतर शेळ्या पहिलं पानसुद्धा ठेवत नाहीत.