म्युझिक व्हिडिओतील परात्मता

म्युझिक व्हिडिओतील परात्मता : माणूस आपल्या कामापासून, भोवतालच्या माणसांपासून आणि शेवटी स्वतःपासूनही तुटल्याची जाणीव गाण्याच्या चित्रफितीत कोणत्या प्रतीकांतून येते आणि ती प्रतीके कशी वाचावीत, याचा विचार. कल्पना जुनी आहे. कार्ल मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांत कामगार आपल्याच श्रमाच्या फळाला कसा परका होतो ते मांडले. ही हस्तलिखिते छापली गेली मात्र १९३२ मध्ये. महानगरात संवेदनांचा मारा सोसता सोसता माणूस बधिर होतो, हे जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल याने १९०३ च्या निबंधात दाखवले.

सातारा-सांगलीकडच्या वाचकाला या विषयात शिरायला दोन कवी जवळचे आहेत. अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) वाळवा तालुक्यातील वाटेगावचे. बा. सी. मर्ढेकर (१९०९–१९५६) जन्माने खानदेशातले, पण घराणे सातारा जिल्ह्यातील मर्ढे गावचे. दोघांनीही मुंबई आतून पाहिली. अण्णाभाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीतला (छक्कड हा लावणीचा एक प्रकार) गडी मुंबईत एकटा आहे, पण तुटलेला नाही. मैना कोण, ती कुठे आहे, तिला सोडून निघताना काय झाले, हे सगळे त्याला लख्ख आठवते. हा विरह. शिवाय मैनेची ताटातूट म्हणजेच बेळगाव-कारवार तुटलेला महाराष्ट्र, हा उलगडा छक्कड स्वतःच करते, ऐकणाऱ्यावर सोपवत नाही. मर्ढेकरांच्या पिपातल्या उंदरांच्या कवितेत कोणी कोणाची वाट पाहत नाही आणि उलगडाही नाही. उंदीर म्हणजे नेमके कोण, यावर समीक्षकांनी पुढे बरीच शाई खर्च केली. ही परात्मता. व्हिडिओ वाचताना होणारी मोठी गल्लत म्हणजे विरहालाच परात्मता समजणे. खिडकीशी बसलेला नायक, बाहेर पाऊस, हातात जुना फोटो, हा बहुधा विरहच असतो, चित्राला कितीही निळसर छटा दिली तरी.

एमटीव्ही वाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत सुरू झाली आणि म्युझिक व्हिडिओ हा स्वतंत्र प्रकार म्हणून फोफावला. गाण्याची चार मिनिटे एवढीच हातात असल्याने तिथे पात्र उभे करायला वेळ नसतो. म्हणून मुखवटा, आरसा, रिकाम्या खुर्च्या, मोबाइलच्या उजेडातले चेहरे अशी तयार चिन्हे वापरली जातात, आणि ती लवकर गुळगुळीत होतात. चिन्हांपेक्षा तंत्र अधिक बोलते. चित्रीकरणाच्या वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवतात, गायकही तितक्याच घाईने ओठ हलवतो; मग चित्र निम्म्या वेगाने दाखवले की ओठ गाण्याशी जुळतात, पण हात, केस, मागची गर्दी सारे जड, संथ होते. गाणारा एका काळात आणि त्याचे शरीर दुसऱ्याच काळात, हा परिणाम कोणत्याही मुखवट्यापेक्षा खोल जातो.

या बाबतीत रेडिओहेड या ब्रिटिश बँडचे दोन व्हिडिओ पाहावेत. ‘नो सरप्रायझेस’मध्ये (दिग्दर्शक ग्रँट जी) सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त गायकाचा चेहरा दिसतो. त्याच्या डोक्यावरच्या पारदर्शक शिरस्त्राणात पाणी चढत जाते, तो बुडतो, श्वास रोखून धरतो. पाणी उतरल्यावर पुन्हा तेच गाणे गाऊ लागतो. गाण्यात हळूहळू जीव घेणाऱ्या नोकरीचा उल्लेख आहे. पाणी म्हणजे नोकरी असे समीकरण मांडण्यापेक्षा, सुटका झाल्यावर तो पुन्हा त्याच गाण्याकडे वळतो याकडे लक्ष द्यावे. ‘जस्ट’मध्ये (१९९५, दिग्दर्शक जेमी थ्रेव्ह्ज) सुटातला एक माणूस फूटपाथवर आडवा होतो. लोक जमतात, का पडलास म्हणून पिच्छा पुरवतात. संवाद खाली अक्षरांत उमटत असतात. शेवटी तो कारण सांगतो आणि नेमकी तेव्हाच अक्षरे थांबतात. पुढच्या दृश्यात सगळेच जमिनीवर पडलेले. त्याच्या ओठांवरून वाक्य ओळखायची खटपट अनेकांनी केली. ते वाक्य मिळाले तर व्हिडिओच संपेल.

प्रतीकाचा अर्थ पाहणाऱ्याच्या मुलखावरही ठरतो. आर.ई.एम. या अमेरिकन बँडच्या ‘एव्हरीबडी हर्ट्स’च्या व्हिडिओत (१९९३) महामार्गावर गाड्या तुंबल्या आहेत, प्रत्येक जण आपल्या काचेआड, मनातले विचार पडद्यावर अक्षरांत, अखेरीस सारे गाड्या सोडून चालू लागतात. पुण्याहून सुट्टीला निघून खंबाटकी घाटात अडकलेला सातारकर दार उघडून खाली उतरतो, शेजारच्या गाडीवाल्याला गाव विचारतो, आणि पाचव्या मिनिटाला दोघांचा एखादा सामाईक पाहुणा निघतो. त्याला या दृश्यातले एकाकीपण कळते, पण अनोळखी माणसांनी काच खाली करायला इतका उशीर का लावला हे कळत नाही.

उलटही घडते. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडच्या एखाद्या गावात चित्रित झालेल्या व्हिडिओत कुलूपबंद दुमजली बंगला दिसला, तर परका माणूस त्यात ओसाडपण वाचेल. इथल्या माणसाला ते गलाईवाल्याचे घर म्हणून कळते. सोने-चांदी शुद्ध करणारी ही कुटुंबे देशभरच्या सराफपेठांत पांगली आहेत आणि यात्रेला बंगल्याची दारे उघडतात. मात्र त्याच बंगल्यात परराज्यात वाढलेला, मराठी अडखळत बोलणारा मुलगा यात्रेच्या गर्दीत हरवल्यासारखा उभा दाखवला, तर ती परात्मता. कुलुपाची गरजच नाही.

सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या बहुतेक वेळा देखण्या दिसतात म्हणूनच चित्रात येतात. त्यांत यंत्रयुगाचा अर्थ शोधण्याआधी कॅमेरा गाण्याच्या कोणत्या ओळीला त्यांच्याकडे वळतो आणि त्या फिरत असताना माणूस कुठे बघतो, एवढे तरी तपासावे.