कॅरोनेड: आखूड तोफेची पार्श्वभूमी

शिडांच्या युद्धनौकांवरची ३२ पौंडी, म्हणजे ३२ पौंड वजनाचा गोळा फेकणारी, लांब तोफ अडीच टनांहून जड असे. हे ओझे खालच्या डेकवरच पेलता येई. वर चढवले तर जहाज कलंडण्याची भीती. म्हणून वरच्या डेकवर हलक्या गोळ्यांच्या तोफांवरच भागवावे लागे.

यातून वाट काढली स्कॉटलंडच्या कॅरन कारखान्याने. फॉल्कर्कजवळ १७५९ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याच्या तोफा इतक्या निकृष्ट निघाल्या की १७७३ मध्ये त्याचे सरकारी कंत्राट रद्द झाले. त्याच कारखान्याने पाच-सहा वर्षांत आखूड तोफ बाजारात आणली, तीच कॅरोनेड. कल्पनेचे श्रेय सहसा जनरल रॉबर्ट मेलव्हिल यांना देतात, पण ती प्रत्यक्षात उतरवणारे व्यवस्थापक चार्ल्स गॅस्कॉइन मला तितकेच महत्त्वाचे वाटतात. कारण तोफेची खरी ताकद ओतकामात आणि नळी कोरण्याच्या सफाईत होती. नेहमीच्या तोफेत गोळा आणि नळी यांच्यात बरीच फट राही आणि स्फोटाचा वायू तिथून वाया जाई. कॅरोनेडमध्ये ही फट कमी केली. त्यामुळे दारू थोडी पुरे, नळीची जाडी कमी चाले आणि ३२ पौंडी तोफेचे वजन टनाच्या आत येई. चाकांच्या गाड्याऐवजी ती सरकत्या बैठकीवर बसे, म्हणून कमी गोलंदाजांत भागे. गोळा संथ जाई, पण जवळून लाकडी कूस फोडताना ढलप्यांचा मारा उडवी आणि माणसे त्यानेच जास्त जायबंदी होत.

ब्रिटिश नौदलाने १७७९ मध्ये ती स्वीकारली. १७८२ मध्ये कप्तान हेन्री ट्रोलोप यांच्या ‘रेनबो’ या जहाजावर जवळपास सगळ्या कॅरोनेडच होत्या. फ्रेंच फ्रिगेट (मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका) ‘हेबे’च्या कप्तानाला एवढे जड गोळे समोरून येताना पाहून ते खूप मोठे जहाज वाटले आणि थोड्याच प्रतिकारानंतर त्याने शरणागती पत्करली. १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सन यांच्या ‘व्हिक्टरी’ या जहाजावर दोन ६८ पौंडी कॅरोनेड होत्या.

पल्ल्याची उणीव मात्र कायम राहिली आणि ती अमेरिकेच्या ‘एसेक्स’ या युद्धनौकेला भोवली. तिच्या ४६ तोफांपैकी ४० कॅरोनेड होत्या. कप्तान डेव्हिड पोर्टर यांना ही व्यवस्था मुळातच मान्य नव्हती. मार्च १८१४ मध्ये चिलीतील वालपरायझोजवळ वादळी वाऱ्याने तिची डोलकाठी मोडली. ब्रिटिश ‘फीबी’ने तिच्या टप्प्याबाहेर राहून लांब तोफांनी तिला झोडपले. पुढे स्फोटक गोळे फेकणाऱ्या तोफा आल्या आणि १८५० च्या दशकापर्यंत कॅरोनेड मागे पडली.