पेजेनंतर पुढे काय? शस्त्रक्रियेनंतरचं जेवण आणि चव

गोव्यात घरातलं माणूस ऑपरेशन होऊन परतलं की पहिल्यांदा उकड्या तांदळाची पेज चुलीवर चढते. उत्तर टोकाच्या पेडण्यात तशीच, दक्षिण टोकाच्या काणकोणातही तशीच. आणि ती योग्यच आहे. पाणी, मीठ आणि सहज पचणारं पिष्ट एकाच वाटीतून पोटात जातं. शिवाय साळ उकडताना कोंड्याजवळचं थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, दाण्याच्या आत सरकतं. त्यामुळे गिरणीतून काढल्यावरही उकड्या तांदळात ते सुरय, म्हणजे न उकडलेल्या तांदळापेक्षा जास्त उरतं.

मला बोलायचं आहे ते पेजेनंतरच्या दिवसांबद्दल. बऱ्याच घरांत पेज सुरू होते ती थांबतच नाही. सोबत मिठातल्या तोराची, म्हणजे कैरीची फोड, फार तर मुगाचं पाणी. आजारी माणसाला हलकं द्यायचं, या मायेपोटी आपण त्याला तीन-तीन आठवडे अर्धपोटी ठेवतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत त्याच्या शरीराची मागणी वाढलेली असते.

ही मागणी पहिल्यांदा नीट मोजली ती डेव्हिड कथबर्टसन या जीवरसायनशास्त्रज्ञांनी, ग्लासगोमध्ये, 1930च्या सुमारास. पायाचं हाड मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतला नायट्रोजन ते मोजत होते, कारण प्रथिनं मोडली की त्यांतला नायट्रोजन लघवीवाटे बाहेर पडतो. दुखापतीनंतर तो खूप वाढत होता, इतका की मोडलेल्या जागेतल्या पेशींमधून एवढा येणं शक्यच नव्हतं. तो येत होता सगळ्या अंगाच्या स्नायूंमधून. शस्त्रक्रिया हीसुद्धा शरीराच्या लेखी एक दुखापतच. कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनलिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात, इन्सुलिनचा परिणाम कमी पडतो, आणि शरीर स्नायूंमधली प्रथिनं मोडून त्यांतली अमिनो आम्लं जखमेकडे, यकृताकडे आणि रोगप्रतिकारक पेशींकडे पाठवतं. अंथरुणावर पडून राहिल्याने ही झीज आणखी वाढते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना फक्त 10 दिवस बिछान्यावर ठेवलं, तर त्यांच्या पायांचे स्नायू जवळपास एक किलोने घटले. त्यांचं तर ऑपरेशनही झालेलं नव्हतं.

म्हणून आजचे आहारतज्ज्ञ मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे दीड ग्रॅम प्रथिनं आणि 25 ते 30 कॅलरी सुचवतात. 60 किलोच्या माणसाला 90 ग्रॅम प्रथिनं. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे गणित वेगळं, ते डॉक्टरांनीच ठरवायचं.) आता पेजेकडे पाहा. एका वाटीत जेमतेम दोन-तीन ग्रॅम. दिवसाला पाच वाट्या प्यायल्या तरी पंधरापलीकडे जात नाही.

आपल्याच स्वयंपाकघरातलं मांडून पाहू. दोन गावठी अंडी, 12 ग्रॅम. बांगड्याचं किंवा इसवणाचं (सुरमईचं) 100 ग्रॅम मांस, सुमारे 20. मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची उसळ) किंवा अळसांद्याचं (चवळीचं) तोंडाक, दोन वाट्या, 14-15. दोन पेले दूध, 13. वाटीभर दही, 5. भात आणि पोई (गोव्याचा पाव) मिळून 10-12. बेरीज 75च्या आसपास. भरपेट वाटणारं जेवणसुद्धा 90ला पोचत नाही. ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: एकेका जेवणात 25-30 ग्रॅम प्रथिनं एकदम मिळाली तर त्यांचे स्नायू नवीन बांधणी नीट सुरू करतात. नुसता चहा-बिस्किटांचा नाश्ता, दुपारी पेज आणि सगळे मासे रात्री, अशी विभागणी त्यांना मानवत नाही. सकाळीच अंडं हवं. आणि कॅलरीही पुरेशा हव्यात, नाहीतर खाल्लेली प्रथिनं इंधन म्हणून जळून जातात. इथे नारळ कामाला येतो. भूक नसलेल्या माणसाच्या दोन घासांत तो बरीच ऊर्जा घालतो.

हे सांगितलं की घरातली वडीलधारी माणसं थांबवतात. बांगडा बाधेल. अंड्याने टाके पिकतील. जखमेत पू होईल. ही समजूत मी इतक्या प्रेमळ माणसांच्या तोंडून ऐकली आहे की ती उडवून लावावीशी वाटत नाही. पण जखमेत पू होतो तो जिवाणूंमुळे, माशामुळे नव्हे. बांगड्याबद्दल मात्र या भीतीच्या मुळाशी एक खरं निरीक्षण असावं. बांगडा, तारले, टुना यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा बर्फाविना उन्हात राहिला तर जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि हिस्टामिन शिजवून नष्ट होत नाही. चेहरा लाल होतो, अंगावर पित्त उठतं, डोकं ठणकतं. म्हणजे बाधतो तो बर्फाविना राहिलेला बांगडा. सकाळी उतरलेला, बर्फात ठेवलेला, कल्ले लालभडक असलेला बांगडा माशाची अ‍ॅलर्जी नसलेल्या रुग्णाला खुशाल द्यावा.

आता खरी अडचण. ताट समोर आहे, माणूस खात नाही.

माझ्या आत्याच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा ती चमचा तोंडाशी नेऊन परत ठेवायची. "तोंड कडू झालंय रे, नको मला," एवढंच म्हणायची. आम्ही सगळे "आत्या, दोन घास तरी घे" म्हणून मागे लागायचो. ती हट्ट करत नव्हती. मेट्रोनिडाझोलसारखी प्रतिजैविकं तोंडात धातूची चव आणतात. वेदनाशामक ओपिऑइड औषधांनी तोंड सुकतं, आणि लाळेत विरघळल्याशिवाय कुठलीही चव जिभेच्या चवकळ्यांपर्यंत पोचत नाही. मळमळ असेल तर तळणीचा वाससुद्धा सोसत नाही. अशा वेळी आपण अळणी, पांढरं, मऊ असं काहीतरी पुढे ठेवतो, म्हणजे ज्यात जाणवण्यासारखं काहीच नाही ते.

चव हा चोचला नाही. पचनाची सुरुवात तिथूनच होते. इव्हान पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञांना 1904 साली नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. कुत्र्याने गिळलेलं अन्न जठरात न जाता गळ्यातूनच बाहेर पडेल अशी शस्त्रक्रिया त्यांनी केली होती. तरीही कुत्रा आवडीने खाऊ लागला की रिकाम्या जठरात पाचकरस भरभरून सुटायचा. वास, दृश्य आणि चघळणं यांची खबर मेंदूतून व्हेगस नावाच्या नसेवाटे जठराला आणि स्वादुपिंडाला मिळते. माणसातही हेच घडतं. लसणीच्या फोडणीचा वास आल्यावर पोटात जी हालचाल होते, ती खरोखर पोटात होत असते.

मग सुकलेल्या, कडवटलेल्या तोंडाला काय द्यावं? आंबट आधी, कारण आंबटाने लाळ लगेच सुटते. जेवणाआधी दोन घोट फुटी कढी: भिंडाच्या (कोकमाच्या) सोलांचं पाणी, हिंग, कोथिंबीर, हवी तर मिरची नुसती मोडून. मळमळत असेल तेव्हा ती थंडच द्यावी. गार पदार्थातून वासाचे रेणू कमी उडतात, म्हणून ते सोसतात. मळमळ थांबली की उलट करावं, वाफाळतं द्यावं. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) चिमूटभर किसमूर पेजेवर घातली तर तिच्यातल्या ग्लुटामेटमुळे लाळ बराच वेळ पाझरत राहते. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1908 साली ही पाचवी चव, उमामी, ओळखली. आपल्याकडे पेजेबरोबर खारं लागतं हे मात्र कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. रक्तदाब असेल तर चिमूट म्हणजे चिमूटच.

आणि तिरफळ. सिचुआनच्या झिणझिण्या आणणाऱ्या मिरीच्या कुळातलं हे फळ. त्याची झिणझिण चवीच्या नसांमधून जात नाही, ती चेहऱ्याचा स्पर्श आणि वेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसांमधून जाते. चव आणि वास दोन्ही मंदावले असले तरी हा रस्ता उघडा असतो. आत्याने पहिल्यांदा वाटी पुसून खाल्लं ते तिरफळ घातलेलं बांगड्याचं हुमण, म्हणजे कालवण होतं, तिखट कमी करून केलेलं. त्यानंतर आम्ही तिच्यासाठी वेगळं अळणी करायचं थांबवलं.

जखम भरण्याचं रसायन इथे थोडक्यात सांगतो. टाके काढले की घर निर्धास्त होतं, पण तेव्हा जखम फारच कच्ची असते. पहिल्या आठवड्याअखेरीस तिची ताकद मूळ त्वचेच्या तीन-पाच टक्के, तीन आठवड्यांनी वीस-तीस टक्के, आणि तीन महिन्यांनी सुमारे 80 टक्के. ही ताकद येते कोलॅजेनच्या धाग्यांमधून, आणि ते धागे पक्के विणले जाण्यासाठी सी जीवनसत्त्व लागतं. जॉन क्रँडन या बोस्टनमधल्या तरुण सर्जनने 1939 मध्ये स्वतःवर प्रयोग केला. त्याने सहा महिने फळं आणि भाज्या पूर्ण बंद केल्या. तीन महिन्यांनी पाठीवर मुद्दाम केलेली जखम नीट भरली. सहा महिन्यांनी केलेली भरलीच नाही. सी जीवनसत्त्व दिल्यावर ती भरून आली.

आपल्याला गोळ्यांच्या मागे धावायची फारशी गरज पडू नये. एका पेरूत दिवसाची गरज सहज भागते. मार्च-एप्रिलमध्ये काजूचं बोंडू तर संत्र्याच्या कितीतरी पट सी देतं, आणि आपण ते फेणीच्या भट्टीवर पाठवतो. मीठ लावून फोडी द्या, घशात ओढल्यासारखं होतं ते कमी होतं. सी उष्णतेने नासतं, म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर पिळावं. जखमेला जस्तही लागतं. ते कमी पडलं तर जखम रेंगाळते आणि जिभेची चवही जाते. तिसऱ्या आणि शिणाणे हे शिंपल्यातले जीव त्याचे उत्तम स्रोत, फक्त पूर्ण शिजलेले हवेत, कारण हे जीव पाणी गाळून खातात आणि पाण्यातले जंतू स्वतःत साठवतात.

शस्त्रक्रिया कुठली झाली यावरही बरंच अवलंबून आहे. पूर्वी पोटाच्या ऑपरेशननंतर वायू सरेपर्यंत काहीच देत नसत. खरं तर लहान आतडं काही तासांत ते दिवसभरात हलू लागतं, जठर एक-दोन दिवसांत, मोठं आतडं दोन-तीन. हेन्रिक केलेट या डॅनिश सर्जनने 1990च्या दशकात लवकर खाणं आणि लवकर चालणं यांचा आग्रह धरला आणि ही पद्धत जगभर बदलत गेली. तुमच्या सर्जनने दुसऱ्याच दिवशी खा म्हटलं तर घाबरू नका. पित्ताशय काढलं असेल तर पित्त साठवायला जागा नसते, ते थोडं थोडं सतत आतड्यात येत राहतं. एकदम भरपूर तेल-नारळ पडला तर काहींना जुलाब होतात. सुरुवातीला घट्ट सोलकढीऐवजी फुटी कढी, आणि मग नारळ हळूहळू वाढवत न्यावा. हृदयाची कृत्रिम झडप बसवून वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध घेणाऱ्यांनी तांबडी भाजी सोडू नये, पण रोज साधारण तेवढीच खावी. पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वावर त्यांच्या औषधाची मात्रा बेतलेली असते.

साखरेबद्दल मात्र मला काळजी वाटते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत गोव्यातलं मधुमेहाचं प्रमाण 26.4 टक्के निघालं, देशात सर्वाधिक. शस्त्रक्रियेच्या ताणाने साखर तशीही चढते, आणि चढलेल्या साखरेत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. दर दोन तासांनी गूळ घातलेली तिजान (नाचणीची खीर) किंवा नुसती पेज देणं या घरांत धोक्याचं आहे. पेज द्यावी, पण सोबत अंडं, मासा किंवा मूग असावाच.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ऑपरेशन झालं तर अंडी, अळसांदे आणि मुगागाठी यांवर भर द्यावा. मोड आल्यावर मुगातली वायू करणारी शर्करा घटते, म्हणून मुगागाठी सोसतात. पावसात आणखी एक जपावं. भातातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूची बीजं उकळूनही मरत नाहीत. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या पेजेत ती वाढतात आणि विष तयार करतात, ते पुन्हा तापवून जात नाही. कालची माशाची कढी आटवून खायची चव मलाही प्रिय आहे, पण रुग्णासाठी ती रात्रीच फ्रिजमध्ये गेलेली असावी.

स्वयंपाकघरात परतण्याची घाई बहुतेक बायकांना असते, आणि ती पूर्ण मोडून काढू नये. खुर्चीवर बसून लसूण सोलणं, कोथिंबीर निवडणं, कढीची चव पाहणं हे पहिल्या आठवड्यातही चालतं. वासाने भूकही जागी होते. नारळ खवणं, भरलेली कळशी उचलणं आणि कुकर उतरवणं मात्र पोटावर जोर आणतं. पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली असेल तर ही कामं साधारण सहा आठवडे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावीत, आणि परत कधी सुरू करायची ते तपासणीच्या वेळी सर्जनना विचारावं.