सिनिअर नसलेल्यांची शाळा: मूट कोर्ट आणि नागपूर

नागपुरात कायदा शिकणाऱ्या पोरांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एकाच्या दारावर वकिलीची पाटी आधीपासून लागलेली असते. वडील, काका नाहीतर मामा सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात उभे राहतात. पोरगा पहिल्या वर्षापासून संध्याकाळी ऑफिसात बसतो, फायली लावतो, पक्षकार काय सांगतो आणि काय लपवतो ते ऐकतो. दुसरा गट यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीहून येऊन खोली करून राहणाऱ्यांचा. वकिलीची सनद मिळेपर्यंत यांच्यातल्या अनेकांनी वकिलाचे ऑफिस आतून पाहिलेलेही नसते.

मूट कोर्ट म्हणजे आपले अभिरूप न्यायालय, जिथे विद्यार्थी कल्पित खटल्यावर युक्तिवाद करतात. त्याच्या संघात जाऊन काय मिळते, याचे नेहमीचे उत्तर म्हणजे आत्मविश्वास, वक्तृत्व आणि बायोडाटात एक ओळ. ते खोटे नाही, पण त्यातून ही प्रथा टिकली का ते कळत नाही. मूट या दुसऱ्या गटाच्या कामाचे आहे. त्याचा इतिहास पाहिला तर वकिली शिकण्याची एखादी वाट बुजली की ते पुन्हा पुढे आलेले दिसते.

सुरुवात लंडनची. लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल या वकिलांच्या चार संस्थांमध्ये, म्हणजे 'इन'मध्ये, पंधराव्या शतकात कायदा शिकवण्याची मुख्य पद्धतच मूट ही होती. विद्यापीठे रोमन कायदा शिकवीत. इंग्लंडच्या कोर्टात चालणारा कायदा शिकायचा तर इनमध्ये राहायला लागे. रात्रीचे जेवण झाले की त्याच दालनात बाके मांडली जात. जुने जाणते सदस्य न्यायाधीश होऊन बसत, ज्युनिअर मुले दावा-कैफियत तोंडपाठ म्हणून दाखवीत आणि त्यांच्यापेक्षा वरची मंडळी त्यावर युक्तिवाद करीत. कोण बारमध्ये, म्हणजे वकिलांच्या वर्गात, घेण्याजोगा झाला हे या कसरतीवरून ठरे. लेखी परीक्षा नव्हती.

पुढे छापील पुस्तके आली आणि दालनात बसून ऐकण्यापेक्षा खोलीत बसून वाचणे सोपे झाले. १६४२ मध्ये यादवी युद्ध पेटले, इन ओस पडल्या आणि मूटची घडी जी विस्कटली ती सुमारे दोन शतके नीट बसली नाही. मागे राहिली ती जेवणे. ठरावीक सत्रे हजर राहून ठरावीक जेवणे जेवली की बॅरिस्टर होता येई. बॅरिस्टरीची परीक्षा सक्तीची झाली ती १८७२ मध्ये. तीनच वर्षांनी, १८७५ मध्ये, ग्रेज इनने मूट पुन्हा सुरू केले. परीक्षा आली तरी उभे राहून बोलायला शिकवणार कोण, हा प्रश्न उरलाच होता.

नागपूरचा या इन्सशी संबंध अगदी जवळचा आहे. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले कायदेपंडित हरिसिंग गौर इनर टेंपलचे. मोहम्मद हिदायतुल्ला इथल्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेऊन केंब्रिजला गेले, लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९३० मध्ये परत येऊन नागपुरातच वकिली करू लागले. पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इनचे बॅरिस्टर, आणि नागपूर विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाला आज त्यांचेच नाव आहे.

नागपूर विद्यापीठ स्थापन झाले १९२३ मध्ये, आणि त्याचे विधी महाविद्यालयही त्याच दशकातले. सुरुवातीच्या काळात प्राचार्य होते व्हिव्हियन बोस, जे पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. हिदायतुल्लांनीही तिथे शिकवले आणि पुढे ते विधी शाखेचे डीन होते. शिकवणारा कोर्टात रोज उभा राहणारा असेल तर वर्गात आणि कोर्टात फारसे अंतर उरत नाही. १९३६ मध्ये नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय मिळाले आणि हे अंतर आणखी घटले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर ते गेले आणि इथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. वैभव थोडे ओसरले असेल, पण काम आणि बार इथेच राहिले.

खरी गोष्ट यानंतरची आहे, आणि ती फार कमी सांगितली जाते. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात सनद घेण्यापूर्वी प्रशिक्षण आणि परीक्षा यांची तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. एलएल.बी. पास व्हा, नाव नोंदवा, कोट चढवा. ज्याच्या घरात सिनिअर, म्हणजे हाताखाली घेऊन शिकवणारा वकील, होता त्याचे यात काही बिघडले नाही. त्याचे प्रशिक्षण स्वयंपाकघरातल्या गप्पांतूनच चालले होते. बाकीच्यांची मात्र कोर्टात जायची एकमेव अधिकृत शिकवणी बंद पडली.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ मध्ये नियम करून वर्षभराचे प्रशिक्षण परत आणायचा प्रयत्न केला. व्ही. सुदीर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ते नियम रद्द केले, कारण संसदेने जे काढून टाकले ते कौन्सिलला मागच्या दाराने आणता येणार नव्हते. सनदेनंतरची अखिल भारतीय बार परीक्षा आली ती थेट २०१० नंतर, आणि तीही लेखी.

मग उरले महाविद्यालय. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कौन्सिलने एलएल.बी.च्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाचे पेपर सक्तीचे केले. २००८ च्या विधी शिक्षण नियमांतही ते आहेत. मूटला ३० गुण: तीन मूट, प्रत्येकी १०, त्यातले ५ लेखी आणि ५ तोंडी. याच पेपरात प्रत्यक्ष खटले पाहून त्यांची नोंद ठेवायची असते आणि वकिलाच्या ऑफिसात पक्षकाराची मुलाखत कशी घेतात तेही पाहायचे असते. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी परीक्षेच्या तोंडावर एकाच दुपारी साठ-सत्तर मुले एकाच प्रश्नावर दोन-दोन मिनिटे बोलून मोकळी होतात, आणि मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, मागच्या वर्षीच्या मुलाचे, तारीख बदललेले. या ३० गुणांतून कोणी वकिली शिकल्याचे मला माहीत नाही. शिकतात ते संघात गेलेले.

संघ आणि स्पर्धा हा प्रकार अमेरिकेतून आला. हार्वर्डची एम्स स्पर्धा १९११ पासूनची. आंतरराष्ट्रीय कायद्यावरची जेसप १९६० मध्ये सुरू झाली आणि आज जगातली सर्वांत मोठी मूट स्पर्धा मानली जाते. व्हिएन्नातली लवादावरची व्हिस स्पर्धा नव्वदच्या दशकातली. भारतात या स्पर्धांना जोर चढला तो १९८७ मध्ये बंगळुरूला नॅशनल लॉ स्कूल स्थापन झाल्यानंतर. त्या संस्थेने १९९९ मध्ये जेसप जिंकली, २०१३ मध्ये पुन्हा जिंकली, आणि देशभरच्या विधी महाविद्यालयांत मूट सोसायट्या उगवल्या. नागपुरात महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ २०१६ मध्ये सुरू झाले. आता त्याचे आवार शहराबाहेर बुटीबोरीजवळ वारंग्याला आहे. त्यामुळे आता एकाच स्पर्धेत एका बाजूला वसतिगृहात राहून पाच वर्षे हेच करणारी मुले, तर दुसऱ्या बाजूला दुपारी नोकरी करून तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणारी मुले उभी असू शकतात. सामना बरोबरीचा नसतो, हे आधीच सांगितलेले बरे.

संघ साधारण तिघांचा: दोन स्पीकर, एक रिसर्चर. प्रपोझिशन म्हणजे कल्पित खटल्याची हकिकत हातात येते. त्यातली तथ्ये पक्की धरायची, वाद फक्त कायद्याचा. मेमोरियल मात्र दोन्ही बाजूंची लिहावी लागतात, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे अर्जदाराचे निळ्या मुखपृष्ठात, प्रतिवादीचे लाल. महाविद्यालयाचे नाव कुठेही दिसता कामा नये, फक्त टीम कोड. एका राउंडला निळे घेऊन उभे राहायचे, दुसऱ्याला लाल. काल ज्या मुद्द्याची आपणच चिरफाड केली तोच आज आपल्याला वाचवायचा असतो. सिनिअरच्या ऑफिसातही ही सवय लागते, पण तिथे पक्षकार एकाच बाजूचा असल्यामुळे वेळ लागतो.

बेंचवर, म्हणजे न्यायाधीशांच्या जागी, बहुतेकदा प्रॅक्टिस करणारे वकील बसतात, आणि तिथला एक प्रसंग इतका ठरलेला आहे की तो प्रत्येक संघाने एकदा भोगलेला असतो. घटनेच्या मूलभूत चौकटीचा मुद्दा आला की स्पीकर झोकात वाचतो: केशवानंद भारती, ए.आय.आर. १९७३ एस.सी. १४६१, परिच्छेद अमुक. समोरून शांतपणे विचारणा होते, "काउन्सेल, हा परिच्छेद कोणाच्या निकालपत्रातला?" तेरा न्यायमूर्ती, अकरा निकालपत्रे, सात विरुद्ध सहा. पोराने उचललेला परिच्छेद सहांपैकी एकाचा, म्हणजे अल्पमतातला, निघतो. मागे बसलेला रिसर्चर चिठ्ठी सरकवतो, पण तोवर दहा सेकंद गेलेली असतात, आणि ती दहा सेकंदे फार लांब असतात. त्यानंतर हा मुलगा कुठलाही निकाल नुसती शीर्षटीप, म्हणजे निकालावर छापलेला सारांश, वाचून उद्धृत करत नाही. वर्गात हे वर्षभर सांगूनही जमत नाही.

त्या 'ए.आय.आर.'विषयी नागपूरकराला थोडा अभिमान वाटायला हरकत नाही. ऑल इंडिया रिपोर्टर हे व्ही. व्ही. चितळे यांनी १९२२ मध्ये उभे केलेले प्रकाशन, आणि त्याचे घर नागपूर. देशातल्या कुठल्याही मेमोरियलची तळटीप पाहा, ही तीन अक्षरे दिसतातच. तसाच एक निकालही इथला आहे. भगवतीचरण शुक्ला प्रकरणात नागपूर उच्च न्यायालयात व्हिव्हियन बोस यांनी लिहिले की शब्दांचा परिणाम समंजस, कणखर, धीराच्या माणसाच्या मापाने जोखायचा. डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्याच्या मापाने नव्हे. तो ए.आय.आर.च्या १९४७ च्या खंडात आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये एका दूरदर्शन मालिकेच्या प्रकरणात हीच कसोटी उचलली, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच्या मूटमध्ये ती आजही कामी येते. इथल्या संघांनी ती मूळ निकालातून वाचावी, सारांशातून नव्हे. बोस यांचे इंग्रजी वाचणे हीच एक शिकवणी आहे.

इंग्रजीवरून आठवले, खरा अडसर तिथे आहे. उच्च न्यायालयाची भाषा घटनेनुसार इंग्रजी, तर महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची मराठी. मोठ्या स्पर्धा मात्र जवळजवळ सगळ्या इंग्रजीत चालतात. घरी वऱ्हाडी बोलणारी, मराठी माध्यमात शिकलेली मुलगी मुद्दा अचूक धरते आणि 'मे इट प्लीज युवर लॉर्डशिप'पाशी अडखळते. गुण तिथेच जातात, कारण गुणपत्रकात सादरीकरणाचा रकाना असतो. जे संघ अशा मुलीला रिसर्चर करून मागे बसवतात ते स्वतःचे नुकसान करतात. तिला एका राउंडला उभी करा, वाक्ये छोटी ठेवायला सांगा. बेंचला उत्तर हवे असते, उच्चार नको असतो. निदान चांगल्या बेंचला तरी.

खर्चाचेही बोलले पाहिजे. नोंदणी शुल्क, प्रवास, राहणे, मेमोरियलच्या प्रती आणि त्यांचे बाइंडिंग, हे सगळे बाहेरगावच्या स्पर्धेत अनेकदा मुलांच्या खिशातून जाते. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षी दूरच्या नावाजलेल्या स्पर्धेच्या मागे लागण्यापेक्षा शहरातल्या, नाहीतर आपल्याच महाविद्यालयातल्या अंतर्गत फेरीत तीनदा उभे राहणे जास्त उपयोगाचे. तिथे बेंचवर बसायला स्थानिक वकिलाला बोलवावे. राउंड संपल्यावर तो चहाला थांबतो, कोणाचा मुद्दा कुठे घसरला ते सांगतो आणि एखाद्याला म्हणतो, "सुट्टीत ऑफिसला ये." ज्याच्या घरात पाटी नाही, त्याला सिनिअर मिळण्याची ही नागपुरातली त्यातल्या त्यात सरळ वाट आहे.