काढलेल्या दाढेची जागा: आजचे पर्याय आले कुठून?

समोरचा दात पडला की माणूस दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठतो. दाढ काढली तर दुखणं थांबेपर्यंतच तिची आठवण राहते, कारण ती पोकळी हसताना दिसत नाही. ही उपेक्षा फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व सातव्या शतकापासून इटलीतले एट्रस्कन कारागीर सोन्याच्या पट्टीत दात बसवत, पण ते समोरचे. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मेलेल्या सैनिकांचे दात उपटून कवळ्यांत वापरले गेले, तेही मुख्यतः समोरचेच.

यामागे नुसती दिसण्याची हौस नव्हती. अन्न भरडण्याचा खरा जोर दाढांवर पडतो आणि तो रोज सोसेल, शिवाय तोंडाच्या ओलाव्यात कुजणार नाही, असं साहित्यच हाताशी नव्हतं. हस्तिदंताला डाग पडत, वास येई. १८५० च्या दशकात कडक रबर, म्हणजे व्हल्कनाइट आलं आणि कवळी पहिल्यांदाच सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. मात्र पेटंट असलेली कंपनी प्रत्येक दंतवैद्याकडून परवान्याचे पैसे वसूल करी. हा वाद इतका चिघळला की १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युअल चॅल्फंट या दंतवैद्याने कंपनीचे खजिनदार जोसाया बेकन यांना गोळी घालून ठार केलं. पुढे १९३० च्या दशकात रबराची जागा अ‍ॅक्रिलिकने घेतली. आज मिळणारे काढता-घालता येणारे दात याच परंपरेतले. ते स्वस्त असतात, शेजारच्या दातांना फारसा धक्का लावत नाहीत, पण एका दाढेसाठी ते रोज काढून धुण्याचा लोकांना कंटाळा येतो आणि पुष्कळदा ते डबीतच राहतात.

ब्रिज म्हणजे शेजारच्या दोन दातांवर कॅप, म्हणजे टोपण चढवून त्यांच्या आधाराने मधे पक्का बसवलेला खोटा दात. त्याची वाट धातूच्या ओतकामाने मोकळी केली. १९०७ मध्ये शिकागोच्या विल्यम टॅगार्ट यांनी मेणाच्या साच्यावरून सोनं ओतून दातात नेमकं बसवण्याची रीत मांडली. १९६० च्या आसपास धातूवर पोर्सेलिन पक्कं बसू लागलं आणि दातासारखी दिसणारी मजबूत कॅप शक्य झाली. ब्रिजची किंमत मात्र शेजारचे दोन दात चुकवतात, कारण ते चारही बाजूंनी घासावे लागतात. त्या दातांना आधीच कॅप लागणार असेल तर ब्रिज उत्तम. ते धडधाकट असतील तर त्यांना हात लावण्याआधी दहादा विचार व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

इम्प्लांटचा, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावण्याच्या पद्धतीचा, शोध दातांच्या दवाखान्यात लागलाच नाही. १९५० च्या दशकात स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी शेवटी निघेचना, हाड तिला घट्ट धरून बसलं होतं. १९६५ मध्ये गोस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे स्क्रू बसवले. २००६ मध्ये लार्सन वारले तोपर्यंत, चाळीस वर्षं, ते टिकले. तरीही दंतवैद्यकाने ही पद्धत खऱ्या अर्थाने स्वीकारली ती १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर.

इम्प्लांटला हाड लागतं आणि दाढ काढल्यावर तेच झिजू लागतं. पहिल्या वर्षात त्या जागेची रुंदी सुमारे निम्मी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणून पुढे काय करायचं हे दाढ काढण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावं.

काहीच न बसवणं हाही अभ्यासलेला पर्याय आहे. नेदरलँड्सचे आर्न्ड कायसर यांनी १९८१ मध्ये दाखवलं की समोरचे दात आणि उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्यामधले दात) शाबूत असतील, तर मागच्या दाढांवाचूनही बऱ्याच जणांचं चावणं नीट चालतं. पण हे ओळीच्या टोकाच्या दाढांबद्दल. साधारण सहाव्या वर्षी येणारी पहिली दाढ तरुणपणी गेली, तर मागची दाढ पोकळीत कलते आणि विरुद्ध जबड्यातली दाढ त्या जागेकडे सरकते. मग पुढे ब्रिज करा की इम्प्लांट, आधी ही वाकडी झालेली मांडणी सरळ करावी लागू शकते.