आर्वेनची प्रेमकथा सिनेमावाल्यांनी घुसवलेली नाही

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या मूळ कादंबरीत राजवारस अ‍ॅरागॉर्न आणि अमर एल्फ-कन्या आर्वेन यांची प्रेमकथा नाहीच, ती सिनेमासाठी रचली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. समज सहज होण्यासारखा आहे, कारण मुख्य कथानकात आर्वेन फार थोडी दिसते.

पण तिसरा खंड (1955) कथा संपली म्हणून मिटू नका. मागे परिशिष्ट ‘अ’ आहे. दोघांची पहिली भेट, आर्वेनच्या वडिलांची, म्हणजे एल्रॉन्डची अट, आर्वेनने सोडलेलं अमरत्व आणि अ‍ॅरागॉर्नमागे तिचं एकटीचं मरण, सगळं तिथे आहे. ती पानं वाचून मला आजही गलबलून येतं. मुख्य कथेतही खुणा सापडतात. पेलेनॉरच्या लढाईत अ‍ॅरागॉर्नच्या जहाजावर जो झेंडा उलगडतो, त्यावरचे रत्नांचे सात तारे आर्वेनच्या हातचे आहेत. शेवटाकडे दोघांचं लग्नही होतं.

मग सिनेमाने बदललं काय? परिशिष्टातली कथा मधे आणली, ते मला पटतं. खरा बदल नदीकाठी आहे. पहिल्या भागात (2001) आर्वेन अंगठी घेऊन निघालेल्या जखमी फ्रोडोला घोड्यावर घेऊन नदी ओलांडते आणि मंत्राने पूर आणते. पहिल्या खंडातल्या पहिल्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण काढून पाहा. तिथे घोडा ग्लोरफिन्डेल या एल्फचा आहे, फ्रोडो त्यावर एकटा आहे, आणि पलीकडे पोचल्यावर तलवार उगारून तो पाठलागावरच्या नऊही स्वारांना ‘अंगठी मिळणार नाही, मीही नाही’ असं ठणकावतो. पूर एल्रॉन्डच्या हुकमाने येतो. फ्रोडोचा तो करारीपणा पडद्यावर यायला हवा होता.