पॉलिमर क्ले उन्हात वाळत नाही

पॉलिमर क्लेची चिमुकली तुळशीवृंदावनं, जास्वंदीची झाडं, नखाएवढ्या कुंड्या मांडून बाग करणाऱ्यांना कोल्हापुरात एक सल्ला हमखास मिळतो: "दोन दिवस गच्चीवर ऊन दे, कडक होईल." शाहूपुरीत, बापट कॅम्पात शाडूच्या मूर्ती वाळताना पाहिलेल्या शहरात हा समज रुजणं स्वाभाविक आहे. पण तो चुकीचा आहे.

शाडूतलं पाणी उडून गेलं की ती कडक होते. पॉलिमर क्लेमध्ये उडून जायला पाणीच नसतं. तिच्यात पीव्हीसी या प्लास्टिकचे बारीक कण आणि त्यांना मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर असतं. साधारण ११० ते १३५ अंश सेल्सिअसला हे कण फुगून एकमेकांत मिसळतात आणि एकसंध होतात. आपल्याकडचा मे महिना चाळिशीच्या आसपास थांबतो. त्या उन्हात क्ले नुसती अर्धवट घट्ट होते, पाकळी बोटाच्या धक्क्याने तुटते. न वापरलेलं पाकीटसुद्धा खिडकीत ठेवू नका, आतली क्ले भुरभुरीत होते आणि पाणी घालून ती सुधारत नाही.

ओटीजीत, म्हणजे घरातल्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, भाजा. नेमकं तापमान आणि वेळ पाकिटावर असते, ती पाळा. ओटीजीचा काटा बऱ्याचदा फसवतो, म्हणून आत वेगळा ओव्हन थर्मामीटर ठेवा. पातळ पानांवर फॉइलचं सैल छप्पर करा. आणि घाईने आच वाढवू नका, ही विनंती कळकळीची आहे: पीव्हीसी जळालं तर हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो घसा आणि डोळे जाळतो. धूर दिसलाच तर ओटीजी बंद करून खिडक्या उघडा, मुलांना बाहेर न्या.